टीव्हीचा आगाऊपणा

जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीवर घाण दिसला की खापर गेमवर फुटतं. आमच्या खैरानी रोडच्या गाळ्यात येणारं गिऱ्हाईक बहुतेक चांदिवली-पवईच्या टॉवरमधलं, चाळिशीच्या आसपासचं. पिशवीतून टर्मिनेटर नाहीतर लिटल मास्टर असलं जुनं गेमचं यंत्र काढून टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "काका, लहानपणी हा असा दिसत नव्हता हो." त्याची आठवण अगदी बरोबर असते. गेम तोच आहे, वायरही बऱ्याचदा तीच. बदललाय तो टीव्ही.

दूरदर्शनच्या पाल पद्धतीत चित्र ६२५ रेघांचं, पण ते दोन हप्त्यांत यायचं. आधी एकाआड एक रेघा, मग मधल्या उरलेल्या. म्हणजे एका हप्त्याला ३१२.५ रेघा. ही अर्धी रेघ फार कामाची, कारण तिच्यामुळेच दुसरा हप्ता पहिल्याच्या फटींत जाऊन बसतो. व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनी ती अर्धी रेघ सरळ खाल्ली. यंत्र दर वेळी पुऱ्या ३१२ रेघा पाठवतं. त्यामुळे प्रत्येक हप्ता आधीच्याच जागी पडतो, फटी काळ्या राहतात आणि सेकंदाला ५० वेळा ताजं चित्र मिळतं. पिक्चर ट्यूबला यातलं काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. येईल तशी रेघ मारायची, एवढंच तिचं काम.

नवा टीव्ही मात्र समोरच्याचं वाक्य मध्येच तोडून स्वतः पुरं करणाऱ्या माणसासारखा. त्याला वाटतं, हे दूरदर्शनसारखंच अर्धं-अर्धं चित्र आहे. मग तो दोन हप्ते एकत्र शिवतो, कडा घासून धारदार करतो आणि सगळं ताणून भिंतभर पसरतो. मारिओ धावू लागला की त्याच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात ते यामुळे.

कॉन्ट्रा या गेममध्ये याहून वाईट होतं. फॅमिकॉम म्हणजे निन्टेंडोचं जपानी यंत्र, टर्मिनेटरसारखी यंत्रं त्याचीच नक्कल. त्याच्या चित्राच्या आयसीला एका रेघेवर आठपेक्षा जास्त हलते तुकडे काढता येत नाहीत. गोळ्या, सैनिक आणि आपला हिरो एका ओळीत आले की हा आकडा सहज ओलांडला जातो. त्यावर प्रोग्रॅमरांची युक्ती अशी, की काही तुकडे एका चित्रात काढायचे, उरलेले पुढच्या. ट्यूबवर ते नुसते लुकलुकायचे. नव्या टीव्हीने नेमकं एकाआड एक चित्र टाकून दिलं, तर गोळी दिसतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, हात गेला माझा. हात गेलेला नसतो.

म्हणून माझ्या हिशेबात या कामाचा मोठा भाग म्हणजे टीव्हीला गप्प बसवणं. रिमोट घ्यायचा, पिक्चर साइझ ४:३ करायची. शार्पनेस तळाला न्यायचा. नॉइज रिडक्शन आणि ते मोशन का काय स्मूथ करणारं प्रकरण बंद. गेम मोड चालू. याला पैसे पडत नाहीत आणि गिऱ्हाईकाला त्याचंच जरा वाईट वाटतं. एवढं आलो तर काहीतरी बदलून तरी द्या, असं तोंड होतं. गेम मोडचा फायदा डोळ्यांपेक्षा अंगठ्याला जास्त कळतो. टीव्ही विचार करत बसला की बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि मारिओ खड्ड्यात.

दुसरी गोष्ट सेकंदाला ५० आणि ६० ची. जपानी गेम ६० च्या ठोक्यावर बांधलेले. आपल्याकडची नक्कल-यंत्रं पाल टीव्हीसाठी ५० वर चालायची. म्हणजे आपण सगळे जो मारिओ खेळलो तो जपानमधल्यापेक्षा एक षष्ठांशाने हळू होता, गाण्याची लयसुद्धा. आता कुणी तरी ऑनलाइन दोन-चारशे रुपयांचा एव्ही-टू-एचडीएमआय डबा मागवतं. त्यातले बरेच डबे आत काहीही घाला, बाहेर ६० च देतात. ५० ची ६० करायची तर दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं. पडदा सरकताना जो बारीक झटका बसतो, तो त्या दुबार चित्राचा. वायर बदलून तो जात नाही. टीव्हीलाच पिवळ्या पिनची जागा असेल तर डबा फेकून थेट जोडा. हल्ली ती जागा म्हणजे एक गोल ३.५ एमएमचं भोक असतं आणि त्याच्या वायरीतला क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. चित्राऐवजी गुरगुर ऐकू आली तर लाल पिनमध्ये पिवळी घालून बघा.

यंत्र उघडण्याची वेळ येते ती यानंतर. टर्मिनेटरसारख्यांत आत फारसं नसतं. हिरव्या बोर्डावर काळ्या डांबरासारखा एक थेंब, त्याखाली अख्खा गेम. कोपऱ्यात पत्र्याची छोटी डबी, चॅनलवर ट्यून करून बघायचा सिग्नल बनवणारी. या डबीच्या आधीच सिग्नल उचलायचा, एक ट्रान्झिस्टर आणि मोजके रेझिस्टर लावून पिवळ्या पिनला द्यायचा. मुंग्या गेल्या की गिऱ्हाईक पहिल्यांदा हसतं. उभ्या फिकट पट्ट्या उरतातच. त्यांतल्या काही सुकलेल्या कंडेन्सरच्या, काही ढिसाळ अर्थिंगच्या. कंडेन्सर बदलायचे, व्होल्टेज सांभाळणाऱ्या ७८०५ चे पाय पुन्हा सोल्डर करायचे आणि कॅसेटच्या ६० पिना स्पिरिटने पुसायच्या. फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात.

स्वच्छ चित्र म्हणजे चांगलं चित्र, हे मात्र मला मान्य नाही. शॉ वॉलेसने, हो, त्याच दारूवाल्या कंपनीने, नव्वदच्या दशकात सेगाची यंत्रं आपल्याकडे विकली. त्यातला १९९१ चा सॉनिक बघा. पहिल्याच पातळीवर धबधबा आहे. तो खरं तर उभ्या पट्ट्यांचा, एक पट्टी रंगीत, एक मोकळी. पिवळ्या पिनच्या गढूळ सिग्नलमध्ये पट्ट्या एकमेकींत मिसळायच्या आणि पाण्यामागचा डोंगर दिसायचा. आरजीबी वायर लावली की रंग झळाळतात, अक्षरं कोरल्यासारखी होतात आणि धबधब्याच्या जागी खिडकीचे गज उभे राहतात. चित्रकाराने पाणी काढलं होतं, गज नव्हे.

पीएसटूचं काम सोपं. कॉम्पोनंट वायर घ्या, सेटिंगमध्ये वायपीबीपीआर निवडा, फरक लगेच दिसतो. याचे गेम बहुतांशी खरोखरच दोन हप्त्यांत येतात, त्यामुळे टीव्हीची शिवणकला इथे तरी योग्य ठिकाणी वापरली जाते. अडचण एवढीच, की कॉम्पोनंटच्या पिना असलेला नवा टीव्ही मिळणं अवघड झालंय.

मग येतात खास स्केलर, म्हणजे जुनं चित्र नव्या पडद्याच्या मापाचं करून देणारे डबे. फिनलंडच्या मार्कुस हीएनकारीचा ओएसएससी अख्खं चित्र साठवून न ठेवता एकेक रेघ जशीच्या तशी दोन, तीन, चार वेळा काढतो, म्हणून उडीला उशीर होत नाही. अमेरिकेच्या माइक ची याचा रेट्रोटिंक-फोरके २०२३ च्या शेवटी आला, तेव्हा किंमत होती ७५० डॉलर. फोर-केच्या पडद्यावर गेमच्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या २४० रेघा बरोब्बर नऊ वेळा बसतात, २१६० ला उरत काही नाही. १०८० च्या पडद्यावर साडेचार वेळा बसतात आणि त्या अर्ध्यापायी कडा वेड्यावाकड्या होतात. रेट्रोटिंक ट्यूबच्या काळ्या फटीही छान उभ्या करतो. खरी सेगा आणि खरी सुपर निन्टेंडो असेल, हौस असेल, तर पैसे वाया जात नाहीत.

टर्मिनेटरवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. त्या काळ्या थेंबातून चित्र पिवळ्या पिनचंच तयार होऊन निघतं, बाहेर काढायला आत आरजीबी नसतंच. ओएसएससी तर पिवळी पिन घेतही नाही. तिथे कंडेन्सर, चांगली वायर आणि गप्प बसवलेला टीव्ही, यापुढचा खर्च फुकट. बंदुकीचंही विसरा. डक हंटची बंदूक ट्यूबच्या प्रकाशावर चालते, एलईडीवर बदक मरणार नाही. तेवढ्यासाठी डबा टीव्ही हवाच. आमच्या मागच्या गल्लीतल्या भंगारात तो आत गुंडाळलेल्या तांब्यासाठी फोडला जातो, त्यामुळे घरात चालू असेल तर ठेवा.

आणि जपानहून फॅमिकॉम आणला असेल तर त्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा आहे, आपल्या २३० मध्ये खुपसू नका. इथला घेताना १० व्होल्ट डीसीचा घ्या आणि आतलं टोक निगेटिव्ह आहे ना, ते बघा. बाजारातले बहुतेक नेमके उलटे असतात. जोडण्याआधी मीटर लावा.