तापाची रजा

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. मंगळवारी पहाटे पाचला जाग आली ती थंडी वाजून. थर्मामीटर लावला तर 101.4. पॅरासिटामॉलची गोळी घेतली आणि पडल्या पडल्या मॅनेजरला रजेचा मेसेज लिहायला घेतला.

त्या मेसेजला मला चाळीस मिनिटं लागली. ‘बरं नाही, आज येत नाही’ हे फार कोरडं वाटलं. मग ताप किती आहे ते लिहिलं. आकडा जरा कमीच वाटला म्हणून अंगदुखी घातली. मग वाटलं, एवढं सविस्तर लिहिणारा माणूस हमखास खोटं बोलत असणार. अंगदुखी काढून टाकली. शेवटी ‘फोनवर आहे, काही अडलं तर सांगा’ असं शेपूट जोडून पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘टेक केअर’, आणि एक अंगठा. त्या अंगठ्याकडे मी कितीतरी वेळ बघत होतो. नुसता अंगठा? गुरुवारी रिलीज होतं ना.

आता खरं सांगायचं तर माझी रजा आजवर कुणी नाकारलेली नाही. तेलंगणाच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणासाठी वर्षाला 12 दिवस रजा आहे, किरकोळ रजेचे 12 दिवस वेगळे. त्या बारांपैकी मी त्या वर्षी एकही घेतली नव्हती. तरी घरात दडून बसल्यासारखं वाटत होतं. दुपारी ताप उतरला तर आनंद होण्याऐवजी धास्तीच वाटली. ताप नाही, म्हणजे मी रजेवर कशाला? पुन्हा थर्मामीटर लावला. 100 निघाला तेव्हा हायसं वाटलं!

याची मुळं नांदेडला असावीत. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. वर्षअखेरीला किती किरकोळ रजा वाया गेल्या हे ते पाहुण्यांना अभिमानानं सांगत. आणि पाचवी-सहावीत आपण सगळ्यांनी तो रजेचा अर्ज घोटलेला आहेच: प्रकृती ठीक नसल्यामुळे, कृपया, मंजूर करावी, नम्र विनंती. आजारी पोराला चार ओळींत तीनदा हात जोडायला लावणारा अर्ज. आईला तर अर्ज लिहायचीही सोय नव्हती. तापात तिनं पोळ्या लाटल्याचं मला स्पष्ट आठवतं, आणि आम्ही त्या खाल्ल्या हेही.

त्यात राहायला हे शहर! बेगमपेटच्या ज्या इमारतीत 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला, ती अजून उभी आहे. नल्लाकुंट्याच्या सरकारी दवाखान्याला रॉसचंच नाव आहे, पण लोक त्याला फीवर हॉस्पिटल म्हणतात. जुने हैदराबादी ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. कोरंटी म्हणजे क्वारंटाइन. आजारी माणसानं चार लोकांपासून दूर राहायचं, ही तेव्हा सवलत नव्हती, सक्ती होती. दोन वर्षांपूर्वी मी अंगात ताप घेऊन ऑफिसला गेलो होतो, रिलीजसाठीच. चौथ्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरची मुलगी आजारी पडली. तिच्या घरी सहा महिन्यांचं बाळ होतं. मला कुणी काही बोललं नाही. उलट त्या महिन्यात माझ्या ‘कमिटमेंट’चं कौतुक झालं.

असो. बुधवारी सकाळी अकराला आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या अक्का आल्या. मी सोफ्यावर चादर गुंडाळून बसलेला, मांडीवर लॅपटॉप. (हो, उघडला होता. फक्त मेल बघायला.)

“ऑफीस लेदा, सार?”

“जरम,” मी म्हटलं. तेलुगू मला कामापुरतंच येतं.

त्यांनी मान हलवली, झाडू भिंतीला टेकवला आणि विचारलं, “जीतम कट चेस्तारा?” पगार कापतील का?

“नाही,” मी म्हटलं.

“मंचिदी,” त्या म्हणाल्या. चांगलं आहे. आणि झाडायला लागल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मी खात्रीनं सांगतो. असता तर बरं झालं असतं.

कारण जुलैमध्ये, बोनालूच्या आठवड्यात, त्यांचा व्हॉइस मेसेज आला होता. चार सेकंदांचा: “जरम वच्चिंदि, रेपु रानु.” ताप आलाय, उद्या येत नाही. चाळीस मिनिटं नाहीत, मसुदे नाहीत, शेपूट नाही. त्यावर मी बायकोला म्हणालो होतो, “ताप कसला, सण आहे म्हणून.” दोन दिवसांचा खाडा झाला, फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मी दोन फुल्या मारल्या आणि एक तारखेला तेवढे पैसे कापले. बायको म्हणाली होती, राहू दे. मी म्हटलं, हिशेब म्हणजे हिशेब. त्यांना तो बारा दिवसांचा कायदा लागू नाही. आमचं घर म्हणजे काही आस्थापना नव्हे.

त्या वाकून सोफ्याखालून झाडू फिरवत होत्या आणि मी पाय वर घेऊन बसलो होतो. मॅनेजरच्या अंगठ्यात मी काय शोधत होतो ते तेव्हा मला कळलं. ताप म्हटलं की सण आठवणारा माणूस ऑफिसात नव्हता. तो आमच्याच घरात राहत होता, आणि आपल्याला ओळखतील म्हणून घाबरत होता.

लॅपटॉप मिटला. रिलीज गुरुवारी माझ्याशिवाय झालं. एक चूक निघाली, ती माझ्याच कोडमधली होती आणि दुसऱ्यानं अर्ध्या तासात दुरुस्त केली. हे ऐकून जरा वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

एक सप्टेंबरला मी अक्कांना पगार दिला, वर जुलैचे ते दोन दिवस. त्यांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“इदि एंदुकु?” हे कशाचे?

“जुलै. जरम,” मी म्हटलं. पुढचं तेलुगू मला येत नव्हतं, आणि मराठीतही ते सोपं गेलं नसतं.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, नोटा कमरेला खोचल्या आणि फिनेल संपलंय म्हणून सांगितलं.