आळ पंपावर

जुना लहान ट्रॅक्टर विकायला काढला की गिऱ्हाइकाला इंजिन ऐकवतात, टायरची नक्षी दाखवतात, रंगाचा ताजा हात तर आपोआपच दिसतो. हायड्रोलिकची परीक्षा मात्र रिकामी लिफ्ट एकदा वरखाली करून उरकतात, आणि रिकाम्या लिफ्टला नापास होणं अवघडच असतं. तिचा स्वभाव कळतो तो मागे रोटाव्हेटर लटकल्यावर, तेल तापल्यावर. मग ती अडते आणि बांधावर उभ्याउभ्या निकाल लागतो : पंप गेला. आळ घ्यायला पंप सोयीचा आहे. तो महाग आहे, आवाज करतो आणि बदलला की काहीतरी केल्याचं समाधान देतो. पण लिफ्ट स्वतःच साक्ष देत असते. ती ऐकून घेण्याआधी पान्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

साक्षीची सुरुवात एका साध्या भेदापासून होते. उचलणं वेगळं आणि उचललेलं धरून ठेवणं वेगळं. पंप फक्त तेल ढकलतो. अवजार वर गेलं की बहुतेक ट्रॅक्टरांत सिलिंडरातलं तेल व्हॉल्व्ह अडवून धरतो आणि पंपाचं तेल नुसतं फिरून टाकीत परततं. म्हणून अवजार पूर्ण उचलून इंजिन बंद करावं. ते झरझर खाली बसलं, तर त्या वेळी मुळात फिरतच नसलेल्या पंपाला दोषी कसं धरायचं? तेल पिस्टनच्या सीलवरून किंवा व्हॉल्व्हमधून निसटतंय. इंजिन चालू असताना हीच गळती दुसरं रूप घेते. अवजार जरा खाली येतं, लिव्हरने ठरवलेली उंची गाठायला व्हॉल्व्ह पुन्हा तेल सोडतो, अवजार वर जातं, पुन्हा सरकतं. पेंगणाऱ्या माणसाच्या मानेसारखी लिफ्ट डुलत राहते आणि त्या डुलण्याच्या लयीतच गळतीचा वेग मोजता येतो. (ही परीक्षा घेताना कुणी अवजाराखाली डोकावू नये, आणि पाइपची बारीक गळती हाताने चाचपू नये, सुईच्या टोकाएवढ्या भोकातून दाबाने सुटलेलं तेल कातडी भेदून आत शिरतं.)

लिफ्ट उचलतच नसेल, तर पंप संशयितांत येतो खरा, पण त्याच्याआधी तेलाची पातळी, सक्शनची जाळी आणि त्या बाजूची एखादी कडक झालेली ओरिंग यांची चौकशी व्हायला हवी. सक्शनच्या बाजूची गळती तेल बाहेर टाकत नाही, हवा आत ओढते. जमिनीवर एक थेंब पडत नाही आणि तेलाला मात्र फेस येतो. दुधाळ तेल पाणी शिरल्याचं सांगतं. गार असताना पंप कण्हतो आणि तापल्यावर सुधारतो, तर तेल जाड आहे किंवा जाळी तुंबली आहे. उलट, तापल्यावर उचल मंदावली, तर झिजलेल्या फटींतून पातळ झालेलं तेल मागे पळतंय. काही वेळा तर बिघाडच नसतो. लिफ्ट उतरण्याचा वेग ठरवणारी सीटखालची मूठ कुणीतरी पूर्ण आवळून ठेवलेली असते आणि अवजार खाली येत नाही. तसंच, 1946 ते 1956 या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बनलेल्या फर्ग्युसन टीई-20 मध्ये पीटीओचा, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्याचा, लिव्हर टाकल्याशिवाय पंप फिरतच नसे. लिफ्टचं मोलही याच नावाशी जोडलेलं आहे : हॅरी फर्ग्युसनने तीन बिंदूंच्या जोडणीतून नांगराचा भार मागच्या चाकांवर आणला आणि हलका ट्रॅक्टर जड काम करू लागला. म्हणून लहान ट्रॅक्टरची लिफ्ट बिघडली की नुसती उचल जात नाही, त्याची पकडही जाते.

यावर कुणी म्हणेल, मुरलेल्या मिस्त्रीला हे सगळं कानानेच कळतं. कळतं, मान्य. पण कण्हणारा पंप झिजलेला आहे की उपाशी, हे आवाजावरून ठरवणं त्यालाही जड जातं. दोन्हींचं कण्हणं जवळपास सारखंच. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : पेरणी तोंडावर असताना चौकशीला वेळ कुठला? पण जाळी काढून धुवायला पंप उतरवण्याहून कमीच वेळ लागतो आणि इंजिन बंद करून पाहायला तर काहीच लागत नाही. ट्रॅक्टर जुना, सगळंच झिजलेलं, मग सगळंच बदला, हा तिसरा युक्तिवाद मला सर्वांत धोक्याचा वाटतो. ओरखडे पडलेल्या सिलिंडरात नवं सील फार दिवस तगत नाही, आणि तुंबलेल्या जाळीमागे बसवलेला नवा पंपही तसाच उपाशी मरतो.

एवढं सगळं निर्दोष निघालं, तर प्रेशर गेज लावावं. दाब कंपनीने ठरवलेल्या आकड्याला पोचत नसेल, तर आधी रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलाय का ते बघावं. तोही स्वच्छ असेल, तर पंप खुशाल उतरवावा. मात्र झिजलेल्या पंपाने आपला चुरा तेलात सोडलेला असतो; नवा बसवण्याआधी जुनं तेल पूर्ण काढून टाकी, पाइप आणि जाळी धुवावी लागते.