मूठभर कागदाचं घर

दोस्तांनो, वह्या कुरतडणाऱ्या उंदराचा तुम्हांला राग येतो ना? पण प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराला कागद देऊन बघा! दातांनी बारीक पट्ट्या करून तो त्यांचं छपरासकट गोल घरटं करतो. कुणीही न शिकवता.

त्याला ते लागतंच. तिथल्या खोल्या साधारण २० ते २४ अंशांवर ठेवतात. कोट घातलेल्या माणसांना ते ठीक. या चिमुकल्या जिवाला हवी ३० अंशांच्या आसपासची ऊब. नुसत्या भुशाच्या पिंजऱ्यात काही उंदीर रात्री सारखे गज चावतात, नाहीतर एकाच कोपऱ्यात उड्या मारत राहतात. कागद, नळी, लपायला खोकं मिळालं की हे पुष्कळदा कमी होतं. आपली औषधं आधी ज्यांच्यावर तपासतात, त्यांना एवढंही न देणं म्हणजे निव्वळ कंजूसपणा, असं मला वाटतं.

'पण त्यानं प्रयोग बिघडले तर?' ही शंका होतीच. २००४ साली स्वित्झर्लंड-जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ती तपासली. निष्कर्षांत गोंधळ काही वाढला नाही!

मात्र खोकं ठेवलं की झालं, असं नाही हं. कधीकधी नरांची त्यावरूनच जुंपते. पिंजरा बदलताना जुनं घरटं तसंच उचलून नव्यात ठेवलं, तर मारामाऱ्या कमी होतात. ओळखीचा वास असतो ना त्याला!