चुलीपुढचे हातमोजे

खरी परीक्षा पोपटीचं मडकं उघडताना. थंडीत अलिबाग-पेणकडे वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भांबुर्डीच्या पाल्यात बसवतात, मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. वरून पाणी घालत नाहीत; पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलीवरच सगळं शिजतं. त्यामुळे पाला उपसताना बोटांवर आधी वाफ येते. विणलेल्या सुती मोज्यातून ती सरळ आत शिरते. इथे सिलिकॉनचा मोजा बरा. मात्र तो ज्वाळेत घालायचा नाही, साधारण दोनशे अंशांच्या पुढे त्याचा भरवसा संपतो.

*

ओल्या फडक्याने तापलेला टोप उतरवायची सवय घरोघरी आहे. ओलं म्हणजे गार, असा हिशेब. कोरड्या कापडात धाग्यांमधली हवा धग अडवते; कापड भिजलं की त्या जागी पाणी येतं, आणि पाणी हवेच्या वीसपट तरी उष्णता वाहून नेतं. फडकं असो वा महागडा मोजा, आधी तो कोरडा आहे का ते बघावं.

*

थंडीचे किंवा बाइकचे मोजे घालून निखारे सारणारे ट्रेकर दिसतात. नायलॉन २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं, पॉलिएस्टरही २६० च्या आसपास. लालभडक निखारा त्याच्या दुपटीहून जास्त तापलेला असतो. वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटतं, ओढलं तर सालही घेऊन येतं. त्यापेक्षा उघडा हात बरा, तो निदान वेळेवर मागे येतो.

*

माझं मत हार्डवेअरच्या दुकानातल्या वेल्डिंगच्या मोज्यांना. जाड कातडं, आत सुती अस्तर, मनगटाच्या बऱ्याच वर येणारी बाही. ठिणगी पडली तर खाली घरंगळते. दिसायला अवजड, आणि ते घालून काडेपेटी उघडणं विसरा. पण चुलीवरून हंडा उतरवायला आणि ओंडका फिरवायला काडेपेटी लागत नाही.

*

आयात मोज्यांवर ज्वाळेचं चित्र आणि ‘ईएन ४०७’ असं छापलेलं असतं. खालचा दुसरा आकडा तापलेल्या वस्तूला हात लावण्याचा: १ म्हणजे १०० अंश, २ म्हणजे २५०, ३ म्हणजे ३५०, ४ म्हणजे ५००. तेही निदान पंधरा सेकंद. तेवढ्यात टोप उतरवून बाजूच्या दगडावर ठेवता येतो. टोप हातात धरून ‘पानं घेतली का रे?’ विचारत बसता येत नाही. आकड्याच्या जागी फुली असेल तर ती चाचणी झालेलीच नाही.

*

हुरड्याच्या आगटीवर मात्र हे सगळं ज्ञान गुंडाळून ठेवावं. गोवऱ्यांच्या आरातून काढलेलं कणीस तळहातावर चोळणाऱ्या माणसाला मोजे देऊन बघा. दाणा सुटला की नाही हे त्याला तळव्यानेच कळतं.

*

झाडाझुडपांत हिशेब वेगळा. करवंदीच्या जाळीत कातडी मोजा हवा. बाभळीचा काटा जोर लावला तर त्यातूनही आरपार जातो, म्हणून फांदी मुठीत आवळायची नाही. खाजकुयलीला विणलेला मोजा सगळ्यांत वाईट: कुसं धाग्यांत अडकतात आणि पुढच्या वेळी घालणाऱ्याला भेटतात. तिथे गुळगुळीत रबरी बरा. कडबाकुट्टीत वैरण सारताना मात्र मोजा नकोच. रूळ मोज्याचं टोक पकडतो, पाठोपाठ हात जातो.

*

माप तळव्याचा घेर मोजून घ्यावं. काट्याकुट्यांच्या कामाला नेमका बसणारा, चुलीला किंचित सैल: आत धग पोचली की एका झटक्यात हातातून उडवता आला पाहिजे. भिजलेला कातडी मोजा शेकोटीशी वाळवू नये, आक्रसून कडक होतो, सावलीत टांगावा. मऊ राहावा म्हणून तेल चोळायचा सल्ला मिळतो. बागेतल्या मोज्याला चालेल. चुलीच्या मोज्याला नको, तेलकट कातडं पेट घेतं.