वेगळा कप

गेल्या आषाढात एका दुपारी आमसुलाच्या साराचा पहिलाच घोट घेताना जिभेच्या उजव्या कडेला अशी काही आग झाली, की वाटी खाली ठेवून मी मोरीवरच्या आरशापुढे उभा राहिलो. आणि पाहतो तो जिभेवर रुपयाएवढा तांबडा डाग, व त्याला पांढऱ्या रेघेची वेडीवाकडी किनार. दोन दिवसांनी तो तेथून नाहीसा झाला आणि टोकाशी नव्याने उमटला. हा कसला संसर्ग असावा, घरातल्या लहानग्यांना तो लागेल काय, या विचाराने मन व्यापले असतानाच माझ्या ध्यानात आले, की कोणी न सांगता मी आपला चहाचा कप विसळून इतरांपासून दूर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आहे. डाग पाहून झालो नव्हतो इतका मी त्या कपाच्या दर्शनाने अस्वस्थ झालो.

घाटकोपरला भटवाडीतल्या आमच्या चाळीत, मी सातआठ वर्षांचा असताना, असाच एक कप कोनाड्यात एकटा राहत असे. तो आईचा. धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर आईची जीभ लालबुंद होऊन, तिच्यावरचा सारा खरखरीतपणा जाऊन, ओढ्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली. तिखट सोसवेना, ऊन चहा सोसवेना, टेकडीची चढण चढताना धाप लागे. दुपारी सामसूम झाली की खिडकीच्या गजाला टांगलेल्या वीतभर आरशात ती जीभ बाहेर काढून पाहत राही. शेजारणींनी जाईचा पाला चघळायला सांगितला, कोणी तुरटीच्या गुळण्या सांगितल्या, कोणी टाकणखाराची लाही मधात कालवून आणून दिली. कशानेच उतार पडेना, तेव्हा थोरल्या आत्याने निकाल दिला : ‘वहिनी, हे लागण्यातलं दिसतंय. पोरांना तुमच्या ताटातला घास देऊ नका.’ त्या हुकुमावर अपील नव्हते.

आई सर्वांच्या मागून जेवायला बसे आणि मी नेमका त्या वेळी तिच्या ताटाशी जाऊन बसे. त्या दिवशी तिने ताकभाताचा घास केला, हात माझ्याकडे वळला, मध्येच थबकला, आणि तो घास तिने परत ताटात ठेवला. पुढे यापेक्षा पुष्कळ मोठी दुःखे पाहिली. परंतु परत गेलेला तो घास अद्याप माझ्या मनातून जात नाही.

अखेर गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा दवाखाना होता, त्या वृद्ध डॉक्टरांनी आईची जीभ पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली, आणि विचारले, ‘बाई, घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर तुम्हाला काय उरतं?’ आई काही बोलली नाही. खरवड, ताक आणि भाजीचे देठ, हे उत्तर मला ठाऊक होते.

येथे एका परदेशी बाईचा वृत्तान्त मध्येच आणल्यावाचून माझ्याने राहवत नाही. 1928 साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईस आली ती गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या प्राणघातक पांडुरोगाचा तपास करण्यासाठी. तिची बैठक परळच्या हाफकिन संस्थेत होती; आणि ही संस्था तर मूळची प्लेगच्या संशोधनासाठी स्थापन झालेली. उंदरांवर प्रयोग करता त्यांना झालेला पांडुरोग आहाराचा न निघता उवांवाटे पसरणाऱ्या बार्टोनेला जंतूंचा निघाला, म्हणून तिने माकडे घेतली. आणि खंगलेल्या माकडास मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क देताच ते सुधारले. मग तोच अर्क तिने रुग्ण स्त्रियांना दिला आणि त्यांचे रक्त भरून येऊ लागले. हे तिने 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले द्रव्य, म्हणजे फॉलिक आम्ल, 1941 साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. जिभेवरचे सूक्ष्म अंकुर अहोरात्र नवे होत असल्यामुळे अशा द्रव्यांची तूट त्यांना फार लवकर भोवते, आणि जीभ तुळतुळीत होते. आईच्या जिभेची कैफियत, ती आजारी पडण्यापूर्वी तीसेक वर्षे, घाटकोपरहून काही स्टेशनांवर असलेल्या परळात नोंदली गेली होती.

योगरत्नाकरात अष्टविध परीक्षा सांगितली आहे. नाडी, मूत्र व मल यांच्या पंक्तीला जिव्हा आहे. खरखरीत आणि फुटलेली जीभ वाताची, तांबडी पित्ताची, पांढरी व बुळबुळीत कफाची. त्या आठांत ताटाची परीक्षा नाही. ती त्या वृद्ध डॉक्टरांनी केली, याबद्दल मी त्यांचा आमरण ऋणी आहे. लोहाच्या गोळ्या आणि यकृताच्या अर्काची इंजेक्शने यांनी दिवाळीच्या आत आईची जीभ पूर्ववत् झाली.

माझ्या जिभेचा उलगडा मुलुंडच्या दंतवैद्यांनी केला. कापसाच्या पट्टीने किनार पुसून, दिव्याखाली निरखून ते म्हणाले, की याला भौगोलिक जीभ म्हणतात. डाग जागा बदलतात, कारण निश्चित सांगता येत नाही, परंतु हा संसर्ग नव्हे. एकाच जागी ठाण मांडून बसलेला, पुसून न निघणारा पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण असता, तर मात्र तुकडा काढून तपासावा लागला असता. तंबाखूने पोखरलेल्या या शहरात त्याची हयगय परवडत नाही. मी घरी आलो आणि कप फडताळात इतर कपांमध्ये ठेवला.

आईचा कप मात्र ती बरी झाल्यावरही कोनाड्यातच राहिला. आत्याविषयीची माझी अढी त्यामुळेच. तिचे यजमान गिरणीत होते. स्ट्रेप्टोमायसीन गोरगरिबांच्या हाती पोहोचण्यापूर्वीच ते क्षयाने गेले. त्यांची कपबशी तिने शेवटपर्यंत निराळी ठेवली, आणि त्यामुळेच आपण वाचलो ही तिची दृढ समजूत होती. क्षय हवेवाटे पसरतो, हे तिला कोणी समजावले नव्हते. पुढे ती अंथरुणाला खिळली ती आमच्याच घरी. आई मेथी निवडी, कोवळी पाने आत्यासाठी शिजवून तिला आपल्या हाताने भरवी, आणि देठ पुन्हा स्वतःसाठी ठेवी. मी तेव्हा कॉलेजात जात होतो. हे मला पाहवेना, आणि एके दिवशी आईला मी तसे स्पष्ट बोललो. ती निवडता निवडता म्हणाली, ‘वन्संचं माणूस गेलं रे. माझी नुसती जीभ सोलली होती.’ तेवढ्यावर समाधान मानणे मला अजून साधलेले नाही.