अळणी

आमच्या घरात मीठ कधी मोजून पडलं नाही. रायगड जिल्ह्यात खाडीच्या काठी आमचं गाव, पलीकडे मिठागरं. लहानपणी खडेमीठ गोणीनं यायचं आणि चुलीजवळच्या बरणीत राहायचं. अम्मा ते मुठीनं घ्यायची, अंदाजानं टाकायची. पावसाळ्यात ताजी मासळी बंद झाली की सुके बोंबील, जवळा, खारवलेली सुरमई. भाकरीवर भाजलेला बोंबील आणि कच्चा कांदा असला की आम्हा भावंडांना दुसरं कालवण लागत नसे.

वालिद २००९ साली अर्धांगाच्या झटक्यानं गेले. रक्तदाब होता हे त्यांना ठाऊक होतं, गोळ्या मात्र आठवण आली तरच घेत. म्हणून २०१६ साली अम्माचा रक्तदाब १८०/१०० निघाला, तेव्हा आमच्या पायाखालची जमीन सरकली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "मीठ कमी करा." किती कमी ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडं कमी. यात लोणचं, पापड, खारी, फरसाण सगळं आलं. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्ही बरणीच उचलून माळ्यावर ठेवली.

आमचा तो उत्साह पाहण्यासारखा होता. बोंबील शेजारी वाटून टाकले. अम्माचं कालवण वेगळं शिजू लागलं. मुंब्र्याहून बहीण फोन करून विचारायची, "आज काय दिलंत तिला?" आणि आम्ही अभिमानानं सांगायचो, "अळणी डाळ." अम्मा दोन घास खाऊन ताट सरकवायची. "मीठच नाही तर खायचं कशाला?" म्हणायची. हळूहळू तिचं खाणंच कमी झालं. रक्तदाब थोडा उतरला होता, त्या आकड्याकडे बघून आम्ही खूश होतो. ताटाकडे कोणी बघत नव्हतं.

२०१९ सालचा रमजान मे महिन्यात आला. कोकणातला मे, अंगातून घामाच्या धारा. त्याच्या महिनाभर आधी लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणाऱ्या गोळीचा डोस वाढवला होता. रोजे ठेवू नकोस म्हणून आम्ही सांगून पाहिलं. ती ऐकणार नव्हतीच. इफ्तारला दोन खजूर, थोडी फळं, आणि मग सहेरीपर्यंत तांब्यामागून तांब्या पाणी. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावं, हे आम्हीच तिच्या मनावर बिंबवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तिनं विचारलं, "तुमचे अब्बा तरावीहून आले नाहीत अजून?"

त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि गप्प बसलो. वय झालं, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी वजू करताना ती तोल जाऊन पडली. शेजारच्या खालांनी नजर लागली म्हणून मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. आज ते आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते. घरात इतक्या वर्षांनी मूठभर मीठ निघालं ते असं.

दवाखान्यात रक्त तपासलं. सोडियम ११४. ते १३५ ते १४५ असावं लागतं. पोटॅशियमही उतरलेलं, २.९, ते ३.५च्या वर हवं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला बसवून समजावलं. नुसतं मीठ कमी खाल्ल्यानं सहसा असं होत नाही, शरीराला मीठ कमी मिळालं तर मूत्रपिंडं ते राखून ठेवतात. पण ही गोळी त्यांना ते राखू देत नाही. म्हाताऱ्या बायकांना तिचा हा त्रास जास्त होतो. त्यात जेवण नाहीसारखं आणि पाणी बेसुमार. रक्तातलं सोडियम पातळ झालं, पाणी मेंदूच्या पेशींत शिरलं, त्या सुजल्या. म्हणून ती मेलेल्या नवऱ्याची वाट बघत होती.

"मग भराभर मीठ चढवा ना," आम्ही म्हणालो.

"तेच करायचं नाही. दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. घाईनं वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होते."

मग चार दिवस आम्ही बाकावर बसून आकडे ऐकत राहिलो. ११९. १२४. १२९. चौथ्या दिवशी अम्मानं आम्हाला नावानं हाक मारली आणि किती रोजे चुकले ते विचारलं.

ती गोळी बंद झाली, दुसरी आली. बहिणीनं लगेच मुंबईहून कमी सोडियमचं मीठ आणलं. पुड्यावर हृदयाचं चित्र होतं. या खेपेला आम्ही शहाणे झालो होतो, पुडा घेऊन आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो परत केला. या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. अम्माची मूत्रपिंडं वयानं अर्धी थकलेली, आणि नवी गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२५ मध्ये घरात असं मीठ वापरण्याची शिफारस केली खरी, पण मूत्रपिंडाचा विकार असलेले, गरोदर बायका आणि मुलं यांना तिनं त्यातून वगळलंय. पुडा बहिणीनं परत नेला. तिच्या घरी सगळ्यांची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत.

बरणी माळ्यावरून खाली आली. आता तिच्यात चमचा असतो, आणि सगळ्या घराचं एकच कालवण शिजतं. तिला हवं तेवढं आम्हालाही पुरे, हे एवढं साधं आधी का सुचलं नाही कोण जाणे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, तो कागद बरणीखालीच दाबलेला असतो.

घरी आल्यावर पंधराएक दिवसांनी डॉक्टरांना विचारून आम्ही तिला भाजलेल्या बोंबलाचा बोटभर तुकडा दिला. तीन वर्षांनी. तिनं तो कितीतरी वेळ चघळला. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "केवढा खारट आहे हा," आणि पाण्याकडे हात केला. आम्ही तांब्या उचलला आणि पेला अर्धाच भरला.