त्यांचे गुन्हे, यांचं आंदोलन

मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये जुलै 2022 च्या नगरपालिका निवडणुकीआधी आमच्या नागरिक गटाने वॉर्डातल्या उमेदवारांची शपथपत्रं चौकात वाचून दाखवायचं ठरवलं. गट कुठल्याच पक्षाचा नाही, हे वैनगंगेचा घाट साफ करताना, नळाच्या पाण्यासाठी अर्ज देताना आम्ही इतक्यांदा सांगितलं होतं की आमचाही त्यावर विश्वास बसला होता. निवृत्त शिक्षक म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं.

एका उमेदवारावरचे गुन्हे मी कलमांसकट सावकाश वाचले. दुसऱ्यावरही रस्ता अडवल्याचा, सरकारी आदेश मोडल्याचा गुन्हा होता. तिथे मी पदरचं जोडलं, ‘‘ये तो आंदोलन के केस हैं.’’ कागदावर तसं काही नव्हतं, आणि कलमं दोघांचीही जवळपास तीच. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने लगेच विचारलं, ‘‘मास्साब, तो उनके वाले क्या पिकनिक के हैं?’’ लोक हसले. मीही हसलो आणि पुढचं पान उलटलं.

त्या दुसऱ्या उमेदवाराला मी मत देणार होतो असंही नाही. पण तो आमच्याशी मराठीत बोलायचा. बालाघाटात बाजार हिंदीत चालतो, आणि घरातली भाषा बोलणाऱ्याला आपण नकळत झुकतं माप देतो. शिवाय त्या दिवशीच्या खुर्च्या आणि माइक त्याच्याच माणसांनी आणले होते. भाड्याचं ‘नंतर बघू’ म्हणालो, ते राहूनच गेलं.

मग दुसरं टोक गाठलं. 2023 च्या विधानसभेला गटाने तोंडच उघडायचं नाही, असा आग्रह मी धरला. मतमोजणी 3 डिसेंबरला होती. त्याआधी बालाघाटात टपाली मतपत्रिका हाताळतानाचा व्हिडिओ फिरला. काँग्रेसने गैरप्रकाराचा आरोप केला, प्रशासन म्हणालं की फक्त वर्गवारी चालली होती, आणि निलंबनाची कारवाईही झाली. नियम काय, त्या वेळी कोण हजर असायला हवं, हे कुठल्याही पक्षाचा नसलेल्यानेच विचारायला हवं होतं. विचारलं तर काँग्रेसवाले ठरू, म्हणून आम्ही गप्प. माझ्या मते चौकातल्या चुकीपेक्षा ही मोठी.

2024 च्या लोकसभेला इथे बसपाचे उमेदवार होते कंकर मुंजारे आणि काँग्रेसच्या आमदार होत्या त्यांच्या पत्नी अनुभा. एका छपराखाली राहिलो तर लोकांना मिलीभगत वाटेल, म्हणून मतदान होईपर्यंत कंकर घर सोडून झोपडीत राहिले. गावाने थट्टा केली. मला हेवा वाटला. निदान नातं कुठे आड येतं, ते त्यांनी सगळ्यांसमोर मांडलं होतं.

आता गटात बैठकीआधी प्रत्येक जण कोणाच्या जवळचा आहे ते सांगतो, आणि त्याच्या माणसाचं शपथपत्र दुसराच वाचतो. माझ्या वाट्याला येतं ते मी शब्दशः वाचतो. चहावाला अजून पुढेच उभा असतो.